दंडावरचा शिक्का

एकाच घरातल्या सासू-सुनेचं एकच गुपित, तेही एकमेकींपासून लपवून, पोटात ठेवायचं म्हणजे काय असतं ते मला विचारा. सारिका मंगळवारी गिरणीत यायची आणि कानाला लागून म्हणायची, "अक्का, आमच्या ईश्वरीला यातलं कळायला नको हं." ईश्वरी शुक्रवारी यायची आणि म्हणायची, "काकू, आत्यांना कळलं तर माझं संपलंच." मी दोघींपुढे मान हलवायचे आणि डबा काट्यावर ठेवायचे. मुळात माझा स्वभाव गप्प बसायचा नाही. ती दोन वर्षं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक.

मी उज्ज्वला शेटे. माणदेशातल्या तांबेदरा गावात माझी पिठाची गिरण आहे. नवरा गेल्यापासून पंधरा वर्षं मीच चालवते. आता ती उन्हावर चालते. छपरावर सोलरचे पत्रे आहेत, ऊन चढलं की सुरू, उतरलं की बंद. त्यामुळे सकाळी नऊपासून बायकांचे डबे ओळीनं लागतात. बाजरीचं पीठ चार दिवसांत कडू होतं, म्हणून आमच्या भागात थोडंथोडं दळायचं आणि पुन्हापुन्हा यायचं अशीच रीत आहे. बाईनं डोक्यावर डबा घेतला की "कुठं निघालीस?" असं तिला कुणी विचारत नाही. एखाद्या घरचा पुरुष डबा घेऊन आलाच तर तो ठेवतो आणि पारावर जाऊन बसतो. पिठाचा धुरळा आणि गिरणीचा खडखडाट पुरुषांना सोसत नाही.

हे सगळं सरकारला कळायला बराच वेळ लागला. आधी ते मूल लांबवायच्या औषधाचं यंत्र उपकेंद्रात बसवलं होतं. यंत्राला सुरुवातीला बाईचं नाव लागायचं, मग मोबाइल नंबर, मग त्या नंबरवर आलेला ओटीपी. आता आमच्याकडे बायकांच्या कार्डाला नंबर असतो नवऱ्याचा. म्हणजे ज्याच्यापासून लपवायचं, आधी त्याचीच परवानगी! आमच्या गावची एक बाई यंत्रात हात घालून बसली आणि तिकडे शेतात नवऱ्याच्या खिशात फोन वाजला. तो ओटीपी सांगायला नाही आला, हातात पायताण घेऊन आला. पहिल्या महिन्यात नऊ बायका गेल्या होत्या, दुसऱ्या महिन्यात एकही गेली नाही. वर अहवाल गेला की, ग्रामीण महिलांमध्ये जागृतीचा अभाव दिसून येतो. वाचून माझं डोकं फिरलं होतं.

नंतर तालुक्याला डॉक्टर निलोफर मुजावर आल्या. बाई तिशीतल्या, पण डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्या. एकदा त्या गिरणीवर कसलंसं पोस्टर चिकटवायला आल्या आणि तासभर बसूनच राहिल्या. जाताना म्हणाल्या, "एका तासात एकेचाळीस बायका आल्या इथं. माझ्या उपकेंद्रात आठवड्यात येत नाहीत एवढ्या. अक्का, तुमच्या मागच्या खोलीत थोडी जागा आहे?"

पोत्यांच्या थप्पीमागे जागा होती. अशा रीतीनं ते यंत्र, एक पांढरा डबा, नाव-नंबराची अट काढून माझ्याकडे आलं.

डॉक्टरीणबाईंनी मला त्यातलं सगळं नीट समजावून दिलं. मी दहावी झालेली बाई, पण त्यांनी कधी घाई केली नाही. डब्यात पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या चकत्या असतात. चकतीवर शंभरेक सुया, बाजरीच्या कणसाला कुसळं असतात ना, त्याहून बारीक. कातडीचा वरचा थर ओलांडण्यापुरत्याच त्या लांब, दुखण्याच्या नसांपर्यंत त्या पोचतच नाहीत. दंडावर मिनिटभर दाबून धरलं की सुयांची टोकं मोडून आतच राहतात. ती हळूहळू विरघळणाऱ्या पदार्थाची असतात आणि त्यातून रोज थोडंथोडं औषध रक्तात उतरतं. त्या औषधानं अंडं सुटत नाही. सहा महिने बाईला काही बघायला नको. मधेच मूल हवंसं वाटलं तर दुसऱ्या रंगाची चकती लावायची, ती आतली टोकं लवकर विरघळवून टाकते आणि दोनेक महिन्यांत सगळं पूर्ववत होतं. औषध थंड ठेवायला लागत नाही, टोचायला नर्स लागत नाही. डबा आधी रक्तदाब बघतो, बोटातून रक्ताचा थेंब घेतो, बाईला दिवस गेलेत का, अंगात रक्त किती आहे हे तपासतो, आणि काही वावगं दिसलं तर लाल दिवा लावून डॉक्टरकडे जायला सांगतो.

"पण नाव नाही लिहायचं तर कुणी कधी लावून घेतलं ते कळणार कसं?" मी विचारलं.

"ते तिच्या दंडातच लिहिलेलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. औषधासोबत एका रंगाचे अतिबारीक कणही कातडीत जातात. टीव्हीच्या रिमोटमधून जो उजेड निघतो आणि आपल्याला दिसत नाही, त्या जातीच्या उजेडात ते चमकतात. ठिपक्यांची मांडणी म्हणजे तारीख. बाई पुन्हा आली की डबा तो उजेड पाडून ठिपके वाचतो. नोंद सरकारच्या वहीत नाही, नवऱ्याच्या फोनात नाही, बाईच्याच अंगात. मला तर हे फारच आवडलं.

"म्हणजे कुणाला दिसणार नाही?"

"डोळ्यांनी नाही दिसणार."

मी बायकांना सांगताना 'डोळ्यांनी' हा शब्द गाळला. कुणालाच दिसणार नाही, असं ठासून सांगितलं. गिरणीवाल्या बाईनं मापात कधी फसवू नये, आणि मी एवढा एक शब्द कमी मोजला. तो पुढे मला चांगलाच भोवणार होता.

बायका त्याला 'शिक्का' म्हणू लागल्या. दळणाला यायचं, पोत्यांमागे जायचं, शिक्का मारून घ्यायचा, डबा उचलायचा. सहा महिन्यांत एकशे बारा शिक्के झाले.

सारिका काटकर सगळ्यात आधी आली. हे सासूचं नाव वाटत नाही ना? पण आता सारिका, रूपाली, स्वाती याच सासवा झाल्या आहेत. सारिका पंचेचाळीसची. तिचा नवरा हणमंत, ज्याला गाव तात्या म्हणतं, तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. तिला पोत्यांमागे बघून मी चकितच झाले.

"सारिका, तुझं तर ऑपरेशन झालंय ना?"

"न्हाय झालं, अक्का," ती म्हणाली आणि मटकन पोत्यावर बसली.

त्याच्या वीस वर्षं आधी, दुसरं मूल झाल्यावर, घरच्यांनी तिला ऑपरेशनच्या शिबिराला पाठवलं होतं. तिथं तिच्या अंगात रक्त कमी भरलं. डॉक्टर म्हणाले, रक्त वाढवून ये, मग बघू. पण तिची सासू भारी कडक. सून रक्त कमी म्हणून परत आली, म्हणजे आम्ही हिला खायला घालत नाही असं गावभर होणार, या भीतीनं सारिकानं कुणाला काही सांगितलंच नाही. ऑपरेशन झालेल्या बायका गाडीत पोटावर हात धरून बसल्या होत्या. तीही पोटावर हात धरून त्यांच्यात बसली. घरी आठ दिवस झोपून राहिली, तुपातला शिरा खाल्ला, आणि ते खोटं कायमचं गळ्यात पडलं. मग दर महिन्याला तालुक्याच्या बाजारातून गोळ्या आणायच्या आणि मोहरीच्या डब्यात लपवायच्या. बाजार चुकला की जीव टांगणीला. एकदा गोळ्या चुकल्याच, आणि ते तिनं माहेरी जाऊन निस्तरलं. त्याबद्दल ती फारसं बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

"दर महिन्याला चार दिवस मी नुसती मोजत बसायची, अक्का," ती म्हणाली. "वीस वर्षं."

शिक्का मारून झाल्यावर ती रडली. मी तिला पाणी दिलं. मलाही रडू आलं, ते मी पिठावर ढकललं.

तिची सून ईश्वरी पुढच्या वर्षी आली. लग्नाला तीन महिने झाले होते. नवरा पृथ्वीराज फौजेत, वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचा. ईश्वरीला वनरक्षक व्हायचं होतं. रोज सकाळी गवत आणायच्या निमित्तानं ती माळावर पळायची. पोरीच्या पायांत खरोखर दम होता. पण भरतीत तीन किलोमीटर धावायचं आणि मग महिनोन् महिने ट्रेनिंग, ते पोटात बाळ घेऊन कसं करणार? पृथ्वीला शिक्क्याचं माहीत होतं आणि ते त्याला मान्यही होतं. पण सीमेवर छाती काढून उभा राहणारा तो गडी बापापुढे आला की मान वर करत नव्हता.

आणि बाप म्हणजे तात्या. एसटीत कंडक्टर म्हणून लागला आणि चेकर होऊन रिटायर झाला. माणूस वाईट नाही, पण नोकरी सुटली तरी चेकिंग सुटलं नव्हतं. दुधाला पाणी आहे का बघणार, टेलरनं कापड किती वापरलं ते मोजणार, खोटी नोट नुसती बोटांनी ओळखणार. पृथ्वीच्या दोन सुट्ट्या येऊन गेल्या आणि घरात पाळणा हलला नाही, तेव्हापासून त्याच्या कपाळावर आठी पडली होती. ईश्वरीनं भरतीचं नाव काढलं की तो म्हणायचा, "आधी पोर होऊ दे, मग पळ हवं तितकं."

यंदाच्या उन्हाळ्यात तालुक्याच्या बाजारात ते भिंग आलं.

आलं होतं ते मेंढपाळांसाठी. फोनच्या कॅमेऱ्यावर बसवायचं, अंधारात न दिसणारा उजेड फेकायचा आणि लांडगा-कोल्हा आला तर फोनवर दिसायचा. उपयोगी वस्तू होती. पण कुणीतरी ते घरात सहज फिरवलं आणि बायकोच्या दंडावर निळे ठिपके चमकताना बघितले. महिनाभरात फोनच्या सामानाच्या एका हातगाडीवर तेच भिंग दुसऱ्याच नावानं विकायला लागलं. गाडीवाला ओरडायचा, "घरातलं खरं-खोटं ओळखा!" शेजारच्या गावातली एक पोर त्यापायी माहेरी धाडली गेली. गिरणीत बायका ऐन उन्हात लांब बाह्या घालून यायला लागल्या, आणि माझ्याकडे बघायच्या तेव्हा मला मान वर करवेना. मीच सांगितलं होतं ना, कुणाला दिसणार नाही म्हणून!

मी डॉक्टर मुजावरांना फोन केला. त्यांचा आवाज पडलेला होता. "प्रयोगशाळेला कळवलंय, अक्का. नवा रंग येईल, पण तपासण्या होऊन यायला वर्ष जाईल. आधीचे ठिपके तर राहणारच."

आणि एका गुरुवारी तात्या स्वतः गिरणीवर आला. डबा न घेता.

"वहिनी, परवा सकाळी नवाला घरी या. पंच म्हणून."

"कसला पंच?"

"चेकिंग हाय. सुनंचं." त्यानं खिशातून भिंग काढून दाखवलं. "पंधरा दिसांनी पृथ्वी येतोय. दोन सुट्ट्या कोरड्या गेल्या. काय दोष असंल तर दवाखाना करू, पर आधी ह्ये बघून घेऊ. आन् पंचाबिगर तपासणी करायची न्हाय, हा माझा पैल्यापासनं नियम. उगं कुणावर आळ नको."

"आणि निघालं काही, तर?"

"तर ती दुसरी चकती असती म्हणं, पैल्या चकतीचं काम काढून टाकणारी. ती लावायची. भरती-बिरती सगळं बंद."

मी त्याला तिथल्या तिथे झाडणार होते. पण बोलले असते तर त्याला वाटलं असतं, हिला काहीतरी ठाऊक आहे. म्हणून ओठ आवळून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी ईश्वरी आली. तिला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. पोत्यांमागे गेल्या गेल्या तिनं बाही वर केली. "काकू, काही लावून लपतं का बघा ना." आम्ही हळद लावून बघितली, काजळ फासलं, मेंदीचा जाड थर दिला, शेवटी कणीक मळून थापली. डबा सगळ्यातून ठिपके वाचत होता आणि तारीख सांगत होता. इतकं चोख यंत्र बनवणाऱ्यांचा मला त्या दिवशी भयंकर राग आला.

"माहेरी जा दोन दिवस," मी म्हटलं.

"गेले तर तीच कबुली झाली. काकू, मैदानी चाचणी पाच आठवड्यांवर आहे." पोरीचा दंड कणकेनं माखलेला, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात रिकामा नाही. "माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली आया झाल्या, मला त्याचं काही नाही. मलापण व्हायचंय. पण आधी मला ती वर्दी घालायचीय."

मी तिचा हात धुऊन दिला. सारिकाला सांगावं का, हा विचार दिवसभर डोक्यात घोळत होता. सांगायचं तर ईश्वरीला दिलेला शब्द मोडतो. आणि सांगून तरी काय होणार, तीच बिचारी स्वतःच्या दंडाच्या काळजीत असणार. दळणात दोनदा बाजरी आणि गव्हाची मिसळ झाली. पंधरा वर्षांत माझ्याकडून असं कधी झालं नव्हतं.

शनिवारी नऊला मी काटकरांच्या घरी गेले. स्वयंपाकघराची खिडकी पोतं टांगून बंद केली होती, दार लोटलेलं होतं. तात्यानं टेबलावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं, खरोखरच पंचनामा करणार होता. ईश्वरी फडताळाला टेकून उभी. सारिका चुलवणाजवळ, हातात भाकरीचं पीठ तसंच.

"घाबरू नगंस, पोरी," तात्या म्हणाला. "काय नसंल तर काय न्हाय. माझ्या समाधानासाठी."

ईश्वरीनं नकळत उजव्या हातानं डावा दंड झाकला. सारिकानं ते बघितलं. तो हात दंडावर ज्या जागी होता, ती जागा सारिकाला नेमकी ठाऊक होती. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि माझा चेहरा काही तेवढा पक्का नाही. त्या एका क्षणात दोन वर्षांचं माझं गप्प बसणं वाया गेलं.

सारिकानं हात धुतले. पदराला पुसले.

"अहो, थांबा जरा," ती म्हणाली. "तुमी न्हेमी म्हणता न्हवं, आधी मशीन तपासायचं, मग मानूस?"

"व्हय. तिकिटाच्या मशीनवर मी आधी माझंच तिकीट काढून बघायचो."

"मग ह्ये भिंग बाजारातलं, कुणी केलं, कसं केलं, काय ठावं? आधी माझ्या दंडावर चालवा. माझं तर ऑपरेशन झालंय. माझ्यावर काय दिसलं न्हाय, तर भिंग खरं."

"शाबास!" तात्या खूश झाला. "ह्याला म्हणत्यात डोकं."

सारिकानं ब्लाउजची बाही वर केली आणि दंड पुढे केला. ही काय करते आहे तेच मला कळेना.

तात्यानं फोन धरला. पडद्यावर अंधार होता, मग दंडाची करडी आकृती आली, आणि तिच्या मधोमध निळे ठिपके उमटले. स्पष्ट, ओळीत, एकही कमी नाही.

तात्यानं भिंग काढलं, उपरण्यानं पुसलं, पुन्हा बसवलं. पुन्हा ठिपके. त्यानं मान वर करून बायकोकडे पाहिलं. सारिका त्याच्याकडेच पाहत होती, डोळा न चुकवता. मला वाटलं, संपलं, आता दोघींचंही संपलं.

"आयला!" तात्यानं फोन टेबलावर आपटला. "बोगस हाय की ह्ये!"

मी श्वास सोडला तो मलाच ऐकू आला.

"ह्या बाईचं बावीस वर्षांमागं ऑपरेशन झालंय, वहिनी! शिबिराला मीच माझ्या गाडीत बसवून धाडली हुती, तिकीट माझ्या हातानं फाडलंय. आन् ह्ये भिंग तिच्यावर दिवं दावतंय! ईश्वरी, हिकडं ये." त्यानं तिच्या दंडावर भिंग धरलं. पुन्हा निळे ठिपके. "बघा! हिच्यावरबी! कुणावरबी दिवं लावतंय ह्ये. तीस वर्षं तिकिटात गेली माझी, मला फशिवतोय व्हय तो गाडीवाला!"

माझ्याकडे वळून तो थबकला. विधवा बाईच्या दंडावर भिंग धरायची त्याची छाती झाली नाही. माझ्या दंडावर ठिपका नाही, म्हणून ते बरंच झालं.

मग त्यानं पंचनामा लिहिला. अक्षर सुंदर आहे त्याचं. 'सदर उपकरण ऑपरेशन झालेल्या बाईच्या दंडावरही खुणा दाखवते, सबब ते बनावट असल्याबद्दल खात्री झाली.' खाली मी पंच म्हणून सही केली. आयुष्यात मी एवढ्या मोठ्या खोट्यावर कधी सही केली नव्हती, आणि इतक्या आनंदानंही केली नव्हती. त्याचं काही पाप लागायचं असेल तर खुशाल लागो.

पेनाला टोपण लावून तात्यानं कागदाची घडी खिशात घातली. मग ईश्वरीकडे न बघता म्हणाला, "पोरी, माझं चुकलं. बिनतिकिटाचा म्हणून चांगल्या मानसाला गाडीतनं उतरवला म्या. काय पायजे ते माग."

पोरगी हुशार. संधी सोडली नाही तिनं.

"तात्या, मला भरतीला जाऊ द्या. ट्रेनिंग संपेपर्यंत मला बाळाचं कुणी विचारायचं नाही. दोन वर्षं."

"दोन वर्षं?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पंच होते ना, मी हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत राहिले. "बरं. दिली. वहिनी साक्षीला हायतच."

आणि भिंग खिशात घालून तो तालुक्याची गाडी पकडायला तावातावानं निघून गेला.

तो फाटकाबाहेर गेल्यावर ईश्वरी सारिकाच्या गळ्यात पडली. "आत्या, तुम्ही? तुम्ही कधीपासून?" सारिका तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "गप. गप, बया. आज पळायला गेली न्हाईस न्हवं? जा, ऊन चढायच्या आत जाऊन ये." तिघीही हसायला लागलो. हसता हसता माझ्या पोटात कळ आली. किती दिवसांनी मी असं हसले होते!

तात्यानं बाजारात त्या गाडीवाल्याची अशी हजेरी घेतली की बघायला गर्दी जमली. त्याच्याकडे रिटायर कर्मचाऱ्याचा पास आहे, त्यामुळे पुढचे पंधरा दिवस तो गावोगावच्या एसटी गाड्यांतून फिरला आणि प्रत्येक गाडीत पंचनामा वाचून दाखवला. चेकर म्हणून त्याचा शब्द सगळ्या मार्गावर चालतो. ज्या माणसानं उभ्या हयातीत खोटं तिकीट सोडलं नाही तो सांगतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? भिंगं परत मेंढपाळांकडे गेली. माहेरी धाडलेल्या पोरीला तिचा सासरा स्वतः आणायला गेला, माफी मागून. गिरणीत बायकांच्या बाह्या पुन्हा आखूड झाल्या. सगळ्या तालुक्याच्या बायकांची अब्रू राखली ती या माणसानं, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही.

ईश्वरी मैदानी चाचणीत तिसरी आली.

तिच्या निवडीची यादी लागली त्या आठवड्यात सारिका दळण घेऊन आली. शिक्क्याची तारीख अजून लांब होती, तरी ती डबा ठेवून माझ्याजवळ बसली. कितीतरी दिवस मनात होतं ते मी विचारून टाकलं.

"सारिका, त्या दिवशी त्यानं ओळखलं असतं तर गं?"

"न्हाय ओळखणार, ह्ये मला ठावं हुतं. पर अक्का, खरं सांगू? त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हवं का, भिंग पुसल्यावर? तवा नुसतं इचारलं असतं ना, सारिका, ह्ये काय म्हणून, तर मी सांगून टाकणार हुते. ईश्वरीचं न्हाय, माझं. तोंडावर आलं हुतं. त्यांनी इचारलंच न्हाय. माझ्यापेक्षा त्यांचा शिबिराच्या त्या तिकिटावर इस्वास."

मी तिच्या हातावर हात ठेवला.

"म्हणून काल मीच सांगितलं," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. शिबिर, रक्त, गोळ्या, माहेरी काय झालं ते, शिक्का. ईश्वरीचं तेवढं सोडून. अंगणात बसले हुते, म्हटलं, ऐका जरा, आन् सांगितलं. पैल्यापासनं शेवटपातुर."

माझा हात तसाच राहिला. "मग? काय म्हणाला?"

"पोट धरून हसले. म्हणाले, चेष्टा करतीस व्हय माझी? त्या भिंगावनं चिडवतीस? चहा ठेव जा." सारिकाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती. वीस वर्षांची पोर हसावी तशी हसत होती. "ठेवला मी चहा. त्यांनी ऐकलं न्हाय, ते त्यांचं त्यांच्यापाशी. मी माझ्या तोंडानं सांगितलं, अक्का. बावीस वर्षांनी. काल रातीला मी अशी झोपले, अशी झोपले, की सकाळी ईश्वरीनं येऊन उठवलं."